माइकवर बदललेलं नाव

हसू नका, माझं खरं नाव उकिरडाच. माझ्याआधीची दोन भावंडं गेली, म्हणून आईनं मला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून परत उचललं. असल्या नावाच्या पोराला मरण शिवत नाही म्हणे.

मला नकला करून लोकांना हसवायचा भारी नाद. चौकातल्या गणपतीत पहिल्यांदा स्टेजवर चढलो, तर पाय लटपटत होते. त्यात माइकवाल्याला माझ्या नावाची लाज वाटली. तो ओरडला, "आता येतोय आपला राजेंद्र!"

बायकांतून आई किंचाळली, "राजेंद्र नाय रं! उकिरडा हाय त्यो, उकिरडाच म्हण!"

अख्खा मंडप हसून लोळला. एवढा हशा मला पुन्हा कधी मिळाला नाही. मी मात्र आईकडेच बघत होतो. तिचे हात माझ्या पायांपेक्षा जास्त कापत होते.