बिनमालकाचं राज्य

फुलंब्रीच्या बसमध्ये सारजाबाईंच्या पुढच्या बाकावर दोन पोरं वाद घालत होती. वाटणीचं भांडण दिसतंय म्हटल्यावर बाईंनी पदर कानामागं सारला.

“आपल्या सोशल मीडियाला मालकच नाय, इम्रान. ज्याला पटत नाय त्यानं आपला सर्व्हर, म्हंजे इंटरनेटवरचा अड्डा, वेगळा मांडावा. हेच खरं लोकांचं राज्य!”

“म्हणून तर आपल्या सर्व्हरवरच्या सायली, कृष्णा, तनुजा, तिघांनी वेगळी चूल मांडली.”

“ही वाढच हाय की. एका सर्व्हरचे चार झाले!”

“माशाल्ला! त्यांच्या सर्व्हरवर माणूस एकेकच. लई तरक्की, ऋतुराज. मग उद्या मी बी पाचवा मांडतो.”

“तू नको रे! तू गेल्यावर माझ्याकडं कोण राहील?”

“तुझं तत्त्व राहील की.”

“थट्टा नको. थांब गड्या, वाटल्यास तुला मालक करतो.”