सीटमागची टिकटिक

सर्व्हिस मोटारीत मासळी-खेकडे चढू देत नसत. म्हणून रुख्माबाईनं बोदलकशाच्या तलावातल्या जिवंत खेकड्यांचा टिनाचा पिपा डायवर कवडूच्या सीटमागं सरकवून वर घोंगडं टाकलं होतं. घरी जावई यायचा होता. तिरोडा गाव मागं पडतं न पडतं तोच मोटार थांबली.

"इंजनातून टिकटिक येऊन राहिली," कवडू म्हणाला.

"इंजनाचा वालव असंल," गोंदियाचे गिरणीवाले बकाराम मागून बोलले. "आमच्या गिरणीचं इंजन असंच वाजत होतं. दुसऱ्याच दिवशी फुटलं."

"फुटलं?"

"फुटलं जी! छपराचं टिन उडून मुर्री गावच्या धानाच्या बांधीत पडलं."

"मंग वापस तिरोड्याले नेतो, बाप्पा. तिथं सारं सामान खाली उतरवा."

"सामान कायले?" रुख्माबाई घाईघाईनं म्हणाली. "मोटार जुनी हाय. म्हाताऱ्याचे गुडघे वाजत नाई का?"

कवडूनं इंजन बंद केलं. सगळे कान देऊन बसले.

"आता तं इंजन बंद हाय. तरी वाजून राहिलं!"

"गरम लोखंड हाय बावा, थंडं होताना वाजतेच. चुलीवरून उतरवलेला तवा नाई का वाजत?"

"बाई बरोबर बोलली," बकाराम म्हणाले. "मी हेच सांगणार होतो."

कवडूनं मागं वळून घोंगड्याकडं एकदा पाहिलं आणि मोटार चालू केली.

गोंदियाला रुख्माबाई पिपा ओढायला वाकली, तेव्हा कवडू समोर पाहतच हळू आवाजात म्हणाला,

"मावशी, मोठे पाहून दोन वालव मले देऊन जाजो. रस्सा करतो."