त्या दिवशी ड्रोन उडालाच नाही

निर्दोष माणूस कसा दिसतो, ते इतकी वर्षं वकिली करून मला परवा कळलं. पाचोडचा संतोष ड्रोननं शेतं फवारून देतो. त्यानं कपाशीवर मारलेलं औषध वाऱ्यानं शेजारच्या तुतीवर गेलं आणि तो पाला खाऊन तिथल्या रेशमाच्या सगळ्या अळ्या मेल्या. शेजाऱ्यानं भरपाईची नोटीस धाडली. ती घेऊन स्वारी माझ्या ऑफिसात.

"लायसन्स आहे?" मी विचारलं.

"हाय की. मेव्हण्याच्या नावावर."

"विमा?"

"कशाला, साहेब? आपला ड्रोन पडतच नाय."

"वारा सुटलेला असताना फवारलंच का?"

"मग वाऱ्याला नोटीस द्या म्हणावं!"

एवढा कायदा मला कॉलेजातही कुणी शिकवला नव्हता.

"बरं, उत्तरात काय लिहू?"

"लिहा, त्या दिवशी ड्रोन उडलाच नाय. बघितलंय कुणी?"

जाताना म्हणाला, "आपलं पेज फॉलो करा, साहेब."

केलं. सगळ्यात वर त्याच दिवसाची रील. औषधाचा ढग थेट तुतीवर, मागं दणदणीत गाणं, खाली तारीख आणि याचा मोबाईल नंबर.

पहिला लाईक शेजाऱ्याच्या वकिलाचा होता.