ताशी नव्वद लिटर

लेक : थांबा, थांबा, अजून काठाला आलं नाही... आलं! आई, घड्याळ!

आई : दहा मिनिटं. तुझ्या आरडाओरड्याची चार सेकंदं वगळून.

जावई : बादली बारा लिटरची. बारा गुणिले साठ, ताशी सातशे वीस लिटर! अगं, दवाखान्याला हवेत ताशी नव्वद, आणि आपल्या नळाला सातशे वीस! आई, रक्त शुद्ध करायचं यंत्र घरी येतंय. दवाखान्याचा तो तपासणीवाला चारला कशाला, आत्ता येऊ दे.

आई : जावईबापू, एवढं पाणी येत असतं, तर मी रोज रात्रीच बादल्या भरून कशाला ठेवल्या असत्या?

लेक : अहो, बादली दहा मिनिटांत भरली. तुम्ही एका मिनिटात भरवलीत.

जावई : अरेच्चा. दहानं भागायचंच राहिलं. मग मिनिटाला एक पूर्णांक दोन लिटर. साठनं गुणलं की ताशी... बहात्तर.

आई : म्हणजे पुरतं की नाही?

लेक : अठरा लिटर कमी पडतात, आई. पण थांब, यंत्राच्या माहितीपत्रकात नव्वद नाहीच आहे. मिनिटाला दीड लिटर लिहिलंय. दीडच. ते कमी असेल.

जावई : दीड गुणिले साठ, नव्वदच.

लेक : मग पाण्याच्या मीटरवर बघा. तिथं माप वेगळं असतं.

जावई : तिथं घनमीटर असतात. एका घनमीटरचे हजार लिटर. म्हणजे ताशी शून्य पूर्णांक शून्य सात दोन. बघितलंस, आणखीच लाज गेली.

आई : मोठं दिसेल असं एखादं माप नाही का तुमच्याकडे?

जावई : आहे ना. मिनिटाला बाराशे मिलिलिटर.

आई : ऐकायला तर भरघोस आहे. तपासणीवाल्याला हेच सांगा.

लेक : आई, चेष्टा नको गं. त्यांनी स्पष्ट सांगितलंय, यंत्र एकच शिल्लक आहे. आपलं घर नियमात बसलं नाही तर पुढच्याला देणार. पुन्हा आठवड्यातून तीनदा तुझे ते दवाखान्याचे खेटे.

आई : मग जाईन. तिथं वाईट काय आहे? खाट आहे, पंखा आहे, परिचारिका तर पोरीसारखी जपते. एवढंच, की चार तास हात सुईला बांधलेला आणि अभंग गायचे ते ओठांतल्या ओठांत. शेजारच्या बाई झोपलेल्या असतात, त्यांची झोप कशाला मोडायची? पण देवाला साद घालायची आणि तीही कुजबुजत, हे काही मला जमेना. त्याला ऐकू जातं गं, मलाच जात नाही.

जावई : आई, मी वरच्या मजल्यावर विचारून बघू का? त्यांचा नळ जोरात असेल.

आई : आणि यंत्र त्यांच्याकडे ठेवू, मीही त्यांच्याकडेच राहीन.

लेक : आई, मघाशी तू काय म्हणालीस?

आई : मी सकाळपासून पुष्कळ बोलले आहे. त्यातलं कुठलं?

लेक : रात्री भरून ठेवते म्हणालीस. अहो, आपण नळाचा वेग वाढवायला बसलोय. वेग कशाला हवा? तासाला अठरा लिटर कमी, तर चार तासांना?

जावई : अठरा चोक बहात्तर.

लेक : बहात्तर लिटर! वेगाचं दुखणं गेलं की, उरले नुसते बहात्तर लिटर. ते आदल्या रात्री भरून ठेवता येतात. गॅलरीतला निळा ड्रम कितीचा आहे?

जावई : शंभरचा! त्यात जुन्या रजया आहेत. चार तासांत नळाचे दोनशे अठ्ठ्याऐंशी, ड्रमचे बहात्तर, मिळून तीनशे साठ. आणि ताशी नव्वदनं चार तासांचे... तीनशे साठ! अगं, फोन लाव त्या तपासणीवाल्याला.

आई : आधी रजया काढा. फोन ती लावेल.

(लेक फोनवर बोलून परत येते.)

लेक : तो म्हणाला, चालतं. नळ आणि ड्रम दोन्ही जोडायचे, मध्ये छोटा पंप बसवायचा. ड्रम घासून स्वच्छ हवा, झाकण घट्ट हवं. पुढची गाळणी यंत्राबरोबर येतेच. म्हणाला, पाणी कुठून येतं त्याच्याशी यंत्राला घेणं नाही, मिनिटाला दीड लिटर मिळाल्याशी मतलब. चारला ड्रम बघायलाच येतोय. अहो, ड्रम धुताना रजया भिजवू नका!

जावई : भिजू देत. पहिल्यांदाच माझं उत्तर तुझ्या उत्तराशी जुळलंय.

आई : हा झाला पूर्वरंग. आता जावईबापू, पेन्सिल हाताशी आहे तोवर माझाही हिशोब करा. यंत्राला एका बैठकीत तीनशे साठ लिटर. मला डॉक्टरांनी अख्ख्या दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिलंय, त्यातच चहा, त्यातच आमटी. मिनिटाला किती पडतं?

लेक : आई, हे कशाला आता?

आई : अगं, नळाचा वेग निघाला, यंत्राचा निघाला. मीच तेवढी का राहू?

जावई : साडेसातशे मिलिलिटर. दिवसाची मिनिटं चौदाशे चाळीस. भागलं की... अर्धा मिलिलिटर, किंचित वर.

आई : अर्धा मिलिलिटर म्हणजे डोळ्यांना दिसेल असं काय?

जावई : थेंब. एका मिलिलिटरचे साधारण वीस धरतात. म्हणजे मिनिटाला दहा थेंब, आई.

लेक : दहाच?

जावई : दहाच. सहा सेकंदांनी एक.

आई : सहा सेकंदांनी एक. लय विलंबित आहे म्हणायची. चालेल, गाता येतं तीत.