कागदावर सोळा वर्षं दोन महिने

मी मूळची देवळ्याकडची, ताई. आई कांदे निवडायची, मीबी तेच करीत मोठी झाले, लग्न झालं तेबी तसल्याच घरात, फरक एवढाच की नवरा लवकर गेला, काय आजार व्हता ते कुनी सांगितलंच नाय. पदरात दोन लेकरं, थोरली सुमन आन तिच्या पाठीवरचा दत्तू. आता हितं इंदिरानगरला चार घरची धुनीभांडी करते, दत्तू फरशा बसवतो, बिल्डिंगा लय उठल्यात ना हिकडं. तुम्ही म्हनलात सगळं सांगा, तर सांगते, पन मधीच थांबले तर थांबू द्या.

दत्तू चार वर्षांचा झाला तवाच मी त्याला शाळेत नेलं. कांद्याच्या खळ्यावर पोर घेऊन गेलं की मुकादम बोलायचा, काम करती का पोर सांभाळती, म्हनून मी गुरुजींना म्हनले सहा पुरी झाली. गुरुजी म्हनाले हात डोक्यावरनं घालून पल्याडचा कान धर रे. तवाची रीत तशी, कान हाताला लागला की सहा वर्षं झाली. ह्याचे हात लांब, बापावर गेलेले, त्यानं जराशी मान वाकडी केली आन धरला की कान! गुरुजी हसले, जन्मतारीख लिवली एक जून. आमच्याकडं सगळ्यांचीच एक जून, अख्खा वर्ग एका दिवशी जन्मलेला. मला लय आनंद झाला, दुसऱ्या दिवशी मोकळ्या हातानं कामाला गेले. खोटं बोलले असं वाटलंबी नाय.

मग ते झालं. दोन हजार साल लागायच्या आधीची गोष्ट, श्रावन व्हता. शेजारी कमल राहायची, खळ्यावर माझ्याच शेजारी बसायची, एका डब्यातली भाकर खाल्ली आम्ही. तिची पोर दुसरीत व्हती. त्या लेकराचं नाव मी घेत नाय, कधीच घेत नाय. आम्ही दोघी कामावर गेलेलो आन दत्तूनं त्या पोरीवर हात टाकला. पुढचं माझ्या तोंडून यायचं नाय, पन केस खोटी नव्हती एवढं लिवा. मी त्याला इचारलं, तो खाली बघत राहिला, मी पायातल्या चपलेनं मारलं, मारता मारता मीच खाली बसले.

कोर्टात मी सांगितलं, साहेब, पोरगा चौदाचा हाय, कांदे काढायच्या वक्ताला झालेला. ते म्हनाले शाळेचा कागद काय म्हनतो? कागदावर सोळा वर्षं दोन महिने. तवाच्या कायद्यानं सोळाच्या आत असता तर पोरांच्या कोर्टात गेला असता, रिमांड होमात राहिला असता, मागं कागद राहिला नसता. दोन महिन्यानं तो मोठा मानूस ठरला. म्हनजे मी ठरवला, ताई, मीच. मोठ्यांच्या जेलात तीन वर्षं काढली, काय शिकून आला काय सोसून आला, कधी बोलला नाय.

सुटला तर पोलिसांच्या यादीत नाव. गावात राहू देईनात म्हनून हितं आलो, तर यादी आमच्या मागं मागं हितंबी आली. कुठं लेकराच्या बाबतीत काय झालं की चौकीवर बोलवायचे, दिवसभर बसवायचे, संध्याकाळी जा म्हनायचे. कंपनीत नोकरी लागत व्हती, पोलिसाचा दाखला मागितला, गेली. आता तिशीकडं चाललाय, लग्नाचं नावच काढत नाय. मी म्हनायचे, केलं तवा लेकरू व्हता, जन्मभर कशापायी? आन म्हनता म्हनता मनात यायचं, माझी पोर असती तर मी काय म्हनले असते?

मागल्या वर्षी मी भांडी घासते त्या वकीलबाई म्हनाल्या, मावशी, कायदा बदललाय, आता अठराच्या आतला पोरगा लहान धरतात, जुन्या केसलाबी चालतं, अर्ज करू, नाव निघंल. शाळेचा दाखला आना. मी गावाला गेले. बाजारात कमल दिसली. तोंड चुकवनार व्हते, तीच समोर आली, म्हनली कशाला आली? मी सांगितलं, खोटं नाय बोलले. ती म्हनली, काढ त्याचं नाव. माझ्या पोरीला लग्नाची दोन ठिकानं आली, दोन्ही मोडली, कुनीतरी जाऊन सांगतंच. तिचं नाव कुठल्या यादीत नाय तरी साऱ्या तालुक्याला ठाऊक हाय, ते कोन काढतं सांग. तिनं मेथीची जुडी आपल्या पिशवीत टाकली आन गेली.

दाखला आनला. बाईंनी कागद केला, वाचून दाखवला. शेवटी लिवलेलं, माझ्या मुलापासून कोणालाही धोका नाही असे मी आई म्हणून खात्रीने सांगते. खाली सही करा, मावशी. मी म्हनले, उद्या करते. त्याला महिना झाला. दत्तू इचारत नाय. सोमवारी बोलावलंय, करीन मी सही, काय करनार, दुसरं हातात काय हाय माझ्या? न करावी तर पोटचं पोर हाय, बारा वर्षांत कुनाकडं वाकडी नजर नाय त्याची, लेकरं असलेल्या घरात तर फरशीचं कामच घेत नाय.

पन खात्री. सुमनला पोरगी हाय, सात वर्षांची. दर दिवाळीला येती, आन ती आली की मी तिला नजरेआड होऊ देत नाय, भांडी घासायला गेले तरी संगं नेते. दत्तूला मी कधी एका शब्दानं बोलले नाय. तोच आपला पिशवीत दोन कपडे घालतो आन भाची हाय तवर मिस्तरीच्या खोलीवर राहतो. गेल्या दिवाळीला दारात त्याला म्हनले, राहा रे, सनाचं कुठं चालला. तो म्हनला नको आई. आन तो गल्लीच्या टोकाला वळला तवा मला बरं वाटलं, ताई. देव तुमच्या लेकरांना सुखी ठेवो, पन खरं सांगते, मला बरं वाटलं. राहा म्हनले ते तोंडदेखलं व्हतं, ते त्यालाबी कळलं व्हतं.