हात न लावता कॉम्प्युटर

...आणि वर शाळेतले बाकीचे शिक्षक मलाच विचारतात, "सर, चप्पल कुठे काढलीत?" अहो, दाराबाहेर! चौदा जोड्यांच्या ढिगात! सत्यनारायणाला आल्यासारखे आम्ही सगळे अनवाणी, आणि का? तर आत कॉम्प्युटर आहे! थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मधुकर मास्तर उगाच कुरकुरतो.

साल शहाऐंशी. नेरूळ नुकतं कुठे वसत होतं, इमारती उभ्या, रस्ते अजून नकाशात, आणि आमच्या शाळेला वरून कुठल्याशा योजनेतून एक कॉम्प्युटर आला. एकच. तीन दिवसांच्या ट्रेनिंगला धाडलं मला, कारण मी सगळ्यांत तरुण आणि टेम्पररी, म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही! परत आलो तर आमचे मुख्याध्यापक श्यामसुंदर सर म्हणाले, "आता बाकीच्या चौदा जणांना तुम्ही तयार करा. तपासणी नीट पार पडली की तुमची कायमची ऑर्डर." आता कायमची ऑर्डर म्हणजे काय, हे ज्याची नोकरी तीन वर्षं दर एप्रिलला सुटून जूनला परत लागते त्यालाच कळेल! माझे सासरे तर लोकांना सांगायचे, "जावई सध्या शिक्षक आहेत." सध्या! म्हटलं, तयार करतो सर, चौदा काय, चाळीस तयार करतो... तर सर म्हणाले, "फक्त मशीनला हात लावायचा नाही."

मला वाटलं चेष्टा करतायत. छे हो! सरांना दोन वर्षांनी रिटायर व्हायचं होतं आणि मशीन डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्यांच्या सहीनं चढलेलं. शाळेतलं मोडकं घंगाळसुद्धा त्या रजिस्टरात असतं आणि ते हरवलं तर मुख्याध्यापकाची पेन्शन अडते, मग हे तर परदेशी मशीन! कपाटात कुलूपबंद. किल्ली कुठे? सरांच्या जानव्याला! कपाट उघडायचं तर सरांना शर्टाची दोन बटणं काढून कुलपापुढे कमरेत वाकावं लागे, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटे सर नमस्कार करतायत, आणि तुम्हाला सांगतो, महिन्याभरात ते खरोखरच करायला लागले. आमच्या स्टाफमधल्या वैजयंतीबाईंनी मशीनला क्रोशाचं आवरण विणलं. मोरांचं! मशीनबरोबर प्रोग्रॅमची कॅसेट आली होती, ती सरांनी अभ्यासासाठी म्हणून घरी नेली, आपल्या टेपरेकॉर्डरवर लावली, त्यातली फक्त मशीनलाच कळणारी ती किंचाळी पूर्ण ऐकली, आणि सोमवारी मला गंभीरपणे सांगितलं, "शब्द काही लागले नाहीत, पण मागचा ताल बरा आहे."

मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की ट्रेनिंग. चौदा जण हातपाय धुऊन, नवी वही, वहीला ब्राऊन पेपर, समासाची लाल रेघ मारून तयार! मी म्हणतो, बघा, हे बटण दाबायचं... तर मागून वैजयंतीबाई, "सावकाश सांगा ना, 'हे बटण' पर्यंत झालंय." बाई, लिहायचं काय त्यात, दाबून बघा! चौदा माना वर झाल्या. जसं काही मी कुणाच्या देवघरात थुंकलो! सर खुर्चीतून म्हणाले, "मधुकर, आधी थिअरी पक्की होऊ दे. हात लावायचा नाही."

मग काय, दिली थिअरी! करणार काय? आकृती काढा व भागांस नावे द्या. गाळलेल्या जागा भरा. कारणे द्या, मशीन गरम का होते? वैजयंतीबाईंनी तर अपेक्षित प्रश्नसंच काढला, त्याला दोन आवृत्त्या! लोक वर्गात मुलांना जे करतात तेच स्वतःला करून घेत होते, आणि काय खूश होते हो! पाठ करत होते, एकमेकांना म्हणून दाखवत होते. आणि मी? मी उत्तरं सांगत होतो. कायमची ऑर्डर, बाबा!

चौदांमध्ये एकच वेगळी निघाली. केशरबाई. पहिलीच्या बाई, करावे गावच्या, बावीस वर्षं पोरांना पाटीवर स्वतःचं नाव गिरवायला शिकवणाऱ्या. त्यांची वही कोरी. एका शनिवारी मशीन टेबलावर काढलेलं, कुणीतरी भेटायला आलं म्हणून सर बाहेर गेले, बाकीचे आकृतीला छाया देतायत, आणि या आल्या माझ्याजवळ. हळूच म्हणाल्या, "सर, मना येक डाव लावू द्या हात." मी दाराकडे बघितलं. मग म्हटलं, लावा. आणि बाईंनी एका बोटानं, इंग्रजी अक्षर शोधत शोधत, "के खं हाय... हा, हा गवला..." करत आपलं नाव लिहिलं. पडद्यावर हिरवं हिरवं केशर! बाई हसल्या. त्यांच्या वर्गातलं पोर पहिल्यांदा नाव लिहिल्यावर जसं हसतं ना, तसं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तीन दिवस ट्रेनिंग घेतलं त्याचं सार्थक त्या पाच मिनिटांत झालं.

आणि दारात सर!

ओरडले नाहीत. रुमाल काढला, एकेक बटण पुसलं, आणि सोमवारी केशरबाईंच्या टेबलावर मेमो. "विनापरवानगी यंत्रास स्पर्श." परवानगी मी दिली होती. मी. आणि मी काय केलं? गप्प बसलो. केशरबाईंनीही माझं नाव घेतलं नाही. सही केली त्यांनी, आणि गेल्या पहिलीच्या वर्गावर.

मग तपासणी. वरून साहेब आले. आल्या आल्या बूट काढले, तेव्हाच मला अंदाज यायला हवा होता. प्रश्न विचारले, उत्तरं धडाधड! मशीन गरम का होते? चौदा हात वर! साहेब मान डोलावतायत, सर फुललेत... आणि साहेब सहज म्हणाले, "वा. आता कुणीतरी चालवून दाखवा."

वैजयंतीबाई वहीत बघतायत, हा प्रश्न अपेक्षितमध्ये नव्हता! अख्ख्या खोलीत चालवू शकणारं माझ्याशिवाय एकच माणूस, आणि ते माणूस माझ्याकडे बघत होतं. मी नुसतं म्हणायचं होतं, साहेब, केशरबाई दाखवतील. तीन शब्द! पण मग साहेब विचारणार, या कधी शिकल्या, मग मेमो निघणार, मग परवानगी कुणी दिली ते निघणार, मग माझी ऑर्डर...

तेवढ्यात सर उभे राहिले. म्हटलं संपलं सगळं! तर सर म्हणतात, "साहेब, सहा महिन्यांत एकाही शिक्षकाने हात लावलेला नाही. एकीने लावला, तिला तात्काळ मेमो दिला." आणि साहेब? साहेबांचा चेहरा उजळला! म्हणाले, तीन शाळा बघून आलो, सगळीकडे लोकांनी वापरून वापरून मशीन बिघडवून ठेवलंय, ही पहिली शाळा जिथे ते नवं आहे. लांबूनच बघितलं त्यांनी, मोरांसकट. शेरा लिहिला, "प्रशिक्षण उत्कृष्ट."

आली की माझी ऑर्डर! कायमची! सासऱ्यांचं ते 'सध्या' गळालं. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. केशरबाईंनी पेढा घेतला, निम्मा मोडून मलाच भरवला आणि म्हणाल्या, "आता कायम झाल्याव ना सर. आता तरी हात लावा." हसूनच म्हणाल्या. तो पेढा माझ्या घशाखाली अजून उतरलेला नाही.

आणि लावतो कशाचा हात? उत्कृष्ट प्रशिक्षण ना, म्हणून मला बाकीच्या शाळांवर शिकवायला धाडलं! मशीन द्या म्हटलं, तर सर म्हणाले, डेड स्टॉक आहे, गावाबाहेर जात नाही. गेलो दिघ्याला. तिथल्या शाळेत कॉम्प्युटर सोडा, वीजसुद्धा नाही. मी फळ्यावर खडूनं कॉम्प्युटर काढला. पडदा, बटणं, वायर, सगळं. आणि तुम्हाला सांगतो, मनाशी ठरवून आलो होतो, इथे एकेकाला उठवायचं, फळ्यावरचं का होईना, बटणावर बोट ठेवायला लावायचं.

दुसऱ्या दिवशी गेलो. तर माझ्या चित्राभोवती चौकट. वर हळदकुंकू. खाली सुवाच्य अक्षरांत, "कृपया पुसू नये." दारात तिथले मुख्याध्यापक हात जोडून उभे. म्हणाले, "सर, कालपासून कुणालाही हात लावू दिलेला नाही."

मी आपली चप्पल बाहेर काढली, आणि आत गेलो.