नमुन्याच्या घराचं दार

नाही नाही, नुसतं ढकलू नका मॅडम, थोडं उचलून ढकला — हं, असं. बघितलंत? पहिल्या पावलालाच माणसाला कळतं हे घर कुणी बांधलंय. सगळ्यांनी. सगळ्यांनी मिळून बांधलंय, म्हणजे कुणीच बांधलेलं नाही. भाची येतेय माझी, तिनंच बोलावलंय ना तुम्हाला, वाटेत गाडी बंद पडली म्हणते — तोवर मामा, तुम्ही घर दाखवा, म्हणाली, आणि गोड बोला. गोड बोला म्हणे. मी दारं-खिडक्या करतो हो, जन्म गेला त्यात, गोड बोलायचं काम कधी अंगावर घेतलं नाही. बसा. त्या खुर्चीत नको, तिचा रंग अजून हाताला लागतो, रंगाऱ्यानं एक हात जास्तीचा मारलाय — आपल्याकडून भेट म्हणून. इकडे बसा.

तुम्हाला हॉस्पिटल बांधायचंय, बरोबर? आणि बाहेरची ती कंपनी म्हणतेय, आम्ही सगळं तयार आणतो — भिंती, दारं, नळ, सगळं — इथला माणूस कशाला हवा, तर झाडू मारायला. भाचीला ते लागलं. ती आर्किटेक्ट आहे, तुम्हाला माहीतच आहे, चांगली नोकरी सोडून इथे आली आणि दारोदार फिरली — गवंडी, फरशीवाला, रंगारी, वायरमन, मी. म्हणाली, सुटे सुटे आहात म्हणून तुम्हाला कुणी विचारत नाही, एक होऊन एक घर बांधून दाखवा. नमुन्याचं घर. ज्यानं त्यानं आपलं काम फुकट द्यायचं, लोक येतील, बघतील, मग मोठी कामं मागू. कल्पना चांगली होती. कल्पना चांगलीच असते, माणसाचे हात लागेपर्यंत.

आता ती भिंत बघा. नको, हात लावून बघा. गवंड्यानं गिलावा असा चढवलाय की खिडकीतून बाहेर बघायचं तर मान लांब करावी लागते. का? तर सगळे बघायला येणार, मग आपलं काम बारीक कसं दिसून चालेल. फरशीवाल्याला वाटलं, गवंडी एवढं देतोय तर मी काय पातळ फरशी घालू — त्यानं घातली जाडजूड, खाली थर तोही जाड. पीओपीवाला, तो तर छत एवढं खाली घेऊन आलाय की माझा मेहुणा ताठ उभा राहिला तर केसांना पांढरं लागतं. नकाशात चांगली मोठी होती हो ही खोली. प्रत्येकानं आपलं थोडं थोडं जास्त दिलं आणि खोली आतून आक्रसली, आता इथे पलंग मावत नाही. आणि पाट्या बघितल्यात का पितळेच्या? भिंतीवर पाटी, छताला पाटी, संडासाच्या दारामागेसुद्धा प्लंबरची पाटी, बसल्या बसल्या वाचायला. किळस येते मला. घर आहे की बाजार?

दार? दाराचं विचारताय. विचारणारच, सगळे विचारतात. ते दार मी केलंय, आणि मी केलं तेव्हा ते असं नव्हतं. नकाशात जी उंची होती त्या उंचीचं केलं, केसभर इकडेतिकडे नाही. जुनं वाळलेलं सागवान, वडिलांनी ठेवलेलं — कशासाठी राखून ठेवलं होतं त्यांनाच माहीत — म्हटलं चला, भाचीसाठी. दार बसवून मी आठवडाभर बाहेरगावी गेलो. मागाहून फरशी पडली, ठरल्यापेक्षा दोन बोटं वर, म्हणजे दार उघडेना. मग काय केलं असेल त्या फरशीवाल्यानं? दार उतरवलं? रंधा मागितला? नाही. फरशी कापायचं कटर घेतलं आणि दार आहे तसंच उभं ठेवून खालून कापलं. सागवान, मॅडम, दगड कापायच्या पात्यानं. वाका, बघा वाकून — ती काळी कड दिसतेय ना, ती जळलीय. आणि तेही तिरकं — एकीकडून उंदीर आत येईल एवढी फट आणि दुसरीकडून अजून घासतंच आहे.

तो फरशीवाला माझा भाऊ. धाकटा, पाठचा. नाही, बोलत नाही आम्ही, तेव्हापासून. बोलायचं काय? तो म्हणतो, घरच्याच माणसाचं दार म्हणून कापलं, परक्याचं असतं तर विचारलं असतं. ऐकलंत? वर हे.

तुम्ही निघणार असं दिसतंय तुमच्या तोंडावरून. जा, घ्या त्या कंपनीची दारं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतात, सगळी एकसारखी, दिसायला झकास. आमच्या बँकेत बसवलीत त्यांनी. पहिल्याच पावसाळ्यात फुगली — मॅनेजर फोन करतोय, करतोय, कोण उचलणार, एक बाई रेकॉर्डवर म्हणते तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. शेवटी मला बोलावलं. मी गेलो नाही. मुद्दाम नाही गेलो. इथे निदान कुणाच्या नावानं शिव्या घालायच्या ते ठाऊक असतं. गवंड्याची भिंत ओल धरायला लागली तर मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसेन, त्याची बायको बाहेर येईल, चार माणसं जमतील — करतो मग तो, तोंड लपवून जाणार कुठे? आणि खोटं कशाला बोलू, त्याची भिंत ओल धरत नाही. माझ्या घराची त्यानंच बांधलीय. फरशीही — असो.

काय? नवं दार का नाही करत? केलंय की. वर्कशॉपमध्ये उभं आहे, नव्या मापाचं, पॉलिशसकट तयार. हो, याच चौकटीसाठी. केव्हाचं म्हणजे — झाले पुष्कळ दिवस. बसवलं नाही. का म्हणजे काय, बसवलं की संपलं ना सगळं. येणारा प्रत्येक जण या दारातून येतो, अडखळतो, वाकून बघतो, आणि विचारतो हे कुणी केलं. मग मी सांगतो. नवं दार लागलं की कोण विचारणार? तो मोकळा झाला ना मग. — असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला भाऊ आहे? नाही? मग राहू द्या.

कोण जाणार म्हणालात? भाची? छे, काहीतरी ऐकण्यात गडबड झालीय तुमच्या, ती इथेच राहणार आहे, माझ्या बहिणीनं माडीवरची खोली रिकामी करून दिलीय तिला. — तुम्हाला सांगितलं? तिनं स्वतः? हे काम नाही मिळालं तर जुन्या नोकरीवर परत — असं म्हणाली? मला नाही बोलली. रोज समोरासमोर, आणि परक्या माणसाला सांगते, मामाला नाही. — बरोबर आहे. कुठल्या मामाला सांगणार? एकाला सांगितलं की दुसऱ्याचं तोंड फुगणार. आम्हाला दोघांना एकत्र बसवून बोलायची सोय तरी कुठे ठेवलीय आम्ही.

थांबा जरा.

ते नवं दार जड आहे. एकट्यानं नाही बसत. एकानं खालून उचलून धरायचं, एकानं बिजागऱ्या आवळायच्या, आणि धरणारा असा लागतो की त्याला सांगावं लागत नाही, किती वर, किती अलीकडे. वर्कशॉपमध्ये आहेत माणसं, चार आहेत. त्यांना सांगावं लागतं.

तुम्ही निघा मॅडम. तुमच्या हॉस्पिटलच्या मंडळाला उद्या घेऊन या, आज नको. आणि भाची वाटेत भेटली तर तिला इतक्यात इकडे पाठवू नका. हसण्यासारखं काही नाही त्यात. निघा आता, मला एक फोन करायचाय.